एकचाकीवरून उतरताना

माझ्या बापाला मी काठीने मारलं. एकदा नाही, नऊ दिवस मारलं, आणि तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. कोणी याला पाप म्हणो, कोणी काही म्हणो, मला पर्वा नाही.

आम्ही सर्कशीतली माणसं. बाबा एकचाकी सायकल चालवायचे आणि शिकवायचेही. त्यांचा नियम होता, रिंगणात बाप नसतो, उस्ताद असतो. कडेची फळी ओलांडून आत गेलं की 'बाबा' म्हणायचं नाही. आणि पडलं की काठी. "जमिनीपेक्षा काठीची भीती जास्त पाहिजे, मग पोर पडत नाही," असं मोठ्या शहाणपणाने सांगायचे. तरी मी पडायचेच. नऊ वर्षांची असताना मी रिंगणातल्या लाकडी भुशात आडवी पडलेली, तेव्हा असा तडाखा दिला की खांद्याचं हाड मोडलं. आई तंबूमागे कानात बोटं घालून बसायची. संध्याकाळी हाच माणूस बाप होऊन मलम चोळायचा, वर विचारायचा, "फार दुखतंय का गं बाई?" अस्सा राग यायचा!

या वर्षी साखरेने त्यांचा डावा पाय खाल्ला. मांडीतून कापावा लागला. आई तोवर गेलेली. मालक तसा वाईट माणूस नाही, पण सर्कस म्हणजे धर्मशाळा नव्हे. तो म्हणाला, "काका, दहा दिवसांनी तंबू हलणार. बसून राहणारा माणूस मला नेता येत नाही. तुम्ही बहिणीकडे जा."

आमची आत्या! तिने महिनाभरात नुसतं बोलून बोलून त्यांना मारलं असतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? बाबा कुबडीवर ताठ झाले. "एका पायाने एकचाकी चालवतो. रिंगणाला एक पूर्ण फेरी. मग तर न्याल?"

"फेरी मारलीत तर मरेपर्यंत राहा," मालक हसत म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खेळात मी एक पाय उचलून एकचाकी चालवते, त्यांना तो प्रकार कधी जमला नव्हता. त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "तू शिकव. आणि जसं मी शिकवलं तसंच शिकव, नाहीतर मला यायचं नाही. रिंगणात मुलगी नाही, उस्ताद."

एका पायाचं गणित सांगायला सोपं आहे. पायडल खाली जाताना रेटायचं, वर येताना पाय ढिला सोडायचा, चाक आपल्या वेगाने वर येतं. वर येणाऱ्या पायडलवर जोर दिला की चाक अडतं आणि माणूस तोंडावर आपटतो. एवढंच. पण साठीच्या माणसाच्या पायाला हे कोण समजावणार?

पहिल्या दिवशी ते अकरा वेळा आपटले. मी पोटरीवर हलकेच काठी टेकवली, तर भुशातूनच ओरडले, "माशी मारतेस का? मार नीट!"

दुसऱ्या दिवशी नीट मारलं. तिसऱ्या दिवशी फळीवर आपटून त्यांचा पुढचा दात पडला. रक्त थुंकून ते परत कुबडीकडे सरपटले. मी पाठीवर काठी घातली आणि म्हणाले, "दात उद्या शोधा. चढा." हे त्यांचंच वाक्य होतं, माझा दुधाचा दात पडला तेव्हाचं.

चौथ्या दिवशी ते पडले आणि मी थांबलेच नाही. एक, दोन, पाच, सात. दंडावर, पाठीवर, हात मध्ये घातला तर हातावर. कातडी फाटली. जोकर धावत आला, त्याने माझं मनगट धरलं. "अगं, म्हातारा मरेल!"

"मी मेले का?" मी त्याला ढकललं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

नवव्या दिवसापर्यंत त्यांच्या अंगावर निळी नाही अशी जागा उरली नव्हती, आणि फेरी अजून अर्धीही होत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काठी उचलायचे, त्यांचा डोळा काठीकडे जायचा, पाय ताठायचा, पायडल वर येताना अडायचं. दर वेळी तेच. मी काठी फळीपलीकडे फेकली आणि म्हणाले, "पुन्हा." ते पाऊण फेरी गेले.

दहाव्या दिवशी सकाळी मालक आला. मी रिकाम्या हातांनी मध्यभागी उभी राहिले. जोकराने त्यांना चढवून ढकललं, आणि म्हातारा गेला की हो! पूर्ण फेरी. मालकाने टाळ्या वाजवल्या, "काका, सामान बांधा," म्हणाला आणि जोकराला घेऊन बाहेर गेला.

बाबा दुसऱ्या फेरीला लागले होते. फुटक्या ओठांनी हसत ओरडले, "बघितलंस? काठीशिवाय जमलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग मला का मारलंत?"

"काय?" ते पुढे निघून गेले, वळून आले. "आता धर मला. पाय भरून आला."

दोन पायांचा माणूस एक पाय मागे टाकून उतरतो. त्यांना कोणीतरी धरायला हवं होतं, नाहीतर आपटणं. मी हाताची घडी घातली.

"आधी सांगा."

"उस्ताद, धर म्हणतो ना!"

"उस्ताद गेला बाहेर. मुलगी विचारतेय."

तिसरी फेरी. "माझ्या उस्तादाने मला मारलं होतं."

"त्याचं तो बघेल. तुम्ही का मारलंत?"

"तू शिकावीस म्हणून!"

"खोटं. काठी दिसली की पाय ताठतो. जन्मभर शिकवलंत आणि हे दिसलं नाही होय?"

चौथ्या फेरीत चाक डगमगायला लागलं. पोटरी थरथरत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. आता आपटले असते तर उरलेला पायही गेला असता, आणि आत्याचं घर ठरलेलं. मला ते दिसत होतं. मी हललेही नाही.

"बरं वाटायचं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "तू पडलीस की मारायला बरं वाटायचं. डोकं शांत व्हायचं. संध्याकाळी मग लाज वाटायची."

चाक अडलं. मी धावले. पुरतं धरता आलं नाही, ते माझ्यावर कोसळले आणि दोघंही भुशात आडवी झालो. एकचाकी माझ्या पोटरीवर आदळली. त्यांचं नुसती हाडं उरलेलं अंग माझ्या अंगावर थडथडत होतं, आणि त्यांना दूर लोटावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"मलाही बरं वाटलं," मी म्हणाले. "तुम्हाला मारताना."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "चौथ्या दिवशीच कळलं होतं."