मासोळी काठावर आली

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. टब म्हटल्यावर तुम्हाला साबणाचा फेस आठवला असेल. पण माझ्यात अंघोळीसाठी कधी कोणी उतरलं नाही. मी प्रसूतिगृहातला टब. माझ्यातल्या कोमट पाण्यात बसून आयांनी कळा सोसल्या, आणि कित्येक बाळांनी पहिल्यांदा हातपाय पसरले ते माझ्याच पाण्यात. आता मी मागच्या खोलीत असतो. माझ्या पोटात जुन्या गाद्या कोंबल्या आहेत आणि तळाला तडा गेला आहे. त्याची तक्रार नाही. तुम्हाला काही सांगायचं मात्र राहून गेलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यावर थरावर थर चढवून मला घडवलं. माझी कड घासणारा कारागीर भारी चिकाटीचा होता. सोबती त्याला चिडवायचे, टब करतोस की आरसा, म्हणून. तो मान वर न करता म्हणायचा, की ही कड कुणीतरी जिवाच्या आकांतानं धरणार आहे, तिच्या बोटाला कुसळ टोचता कामा नये. तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं नव्हतं.

प्रसूतिगृहात माझा ताबा मोठ्या सिस्टरांकडे होता. त्या उंचीनं इतक्या लहान होत्या, की माझ्या तळापर्यंत हात पोचवायला त्यांना पाटावर उभं राहावं लागे. पण त्यांचा शब्द मोठा. पाणी किती कोमट हवं ते त्या स्वतः मोजून पाहत. आई पाण्यात असताना एक छोटं यंत्र तिच्या पोटाला लावून त्या वरचेवर बाळाचे ठोके ऐकत. आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकीला एकच गोष्ट बजावत: "मी बाहेर या म्हटलं, की बाहेर यायचं."

तुम्ही विचाराल, बाळ पाण्यात गुदमरत नाही का? आईच्या पोटातही ते पाण्यातच असतं ना. त्याला हवं ते सगळं नाळेतून मिळत असतं. ते बाहेर आलं की सिस्टर त्याला लगेच अलगद वर उचलून आईच्या छातीशी देत, आणि मग ते पहिला श्वास घेई. पण हे सारं जाणत्या माणसाच्या हाताखाली, आणि सगळं ठीक असेल तरच.

किती तऱ्हेच्या आया पाहिल्या मी! एक जण कळ आली की मोठ्यानं पाढे म्हणायची. एक जण दोन कळांच्या मध्ये चक्क घोरायची. एक जण मात्र उतरली तशी बाहेर आली. म्हणाली, "वाटाण्यासारखं भिजत घातलंय मला. नको बाई, माझा पलंगच बरा." सिस्टर हसल्या आणि तिला टॉवेल दिला. ज्यांना पाणी मानवलं, त्या मात्र सांगायच्या की अंग हलकं झालं, कळ सोसवली. त्यांनी घरोघर माझं कौतुक केलं. कौतुक फार झालं की त्याचं ओझं कुणावर तरी पडतंच. ते पडलं मासोळीवर.

मासोळी हे तिचं खरं नाव नव्हे. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, म्हणून आळीतले सगळे तिला मासोळी म्हणत. तिचं पहिलं बाळंतपण दुसरीकडे झालं होतं. तिथे ती कळांनी ओरडली तर तिला दटावून गप्प केलं होतं, आणि हात धरून पलंगावर दाबून ठेवलं होतं. त्या पलंगाची भीती तिच्या मनात घर करून बसली होती. या वेळी पाण्यातच, असं तिनं पहिल्या महिन्यापासून ठरवलं. आळीतल्या बायाही म्हणत, हिला कसली काळजी, ही तर पाण्यातच राहते.

एका सकाळी ती माझ्यात उतरली. नवरा कडेला टॉवेल धरून उभा होता. सुरुवातीला सगळं छान चाललं. ती डोळे मिटून पाण्यात डुलत होती, मध्येच नवऱ्याला म्हणत होती, "टॉवेल खाली ठेवा आता, पळून नाही जायचा तो."

मग सिस्टरांनी यंत्र लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ठोके मंदावत होते. त्यांनी तिला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या मावशींना डॉक्टरीणबाईंना बोलवायला पाठवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, आता बाहेर यायचं."

तिनं माझी कड घट्ट धरली. म्हणाली, "अजून थोडा वेळ. मला जमतंय."

"तुम्हाला जमतंय. बाळाला जमत नाहीये."

"पलंगावर नाही. सिस्टर, काहीही करा, पण पलंगावर नाही."

नवरा नुसताच तिचं नाव घेत होता. तिची बोटं माझ्या कडेवर पांढरी पडली होती. मित्रांनो, मला हात असते तर मी तिला सोडवलं असतं. माझ्याकडे होती ती फक्त कड, आणि तीच मासोळी सोडत नव्हती.

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"तुमच्या तलावावर तुम्ही शिट्टी वाजवली, आणि एखादं पोर काठावर आलंच नाही, तर काय करता?"

ती धापा टाकत होती. तशीच म्हणाली, "उडी मारते."

"मग मला उडी मारायला लावू नका. मला पोहता येत नाही."

कळेतसुद्धा तिच्या ओठावर काहीतरी हललं. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. सिस्टर म्हणाल्या, "तिकडे कुणी तुम्हाला दाबून धरणार नाही. मी उभी आहे." आणि ती पाण्याबाहेर आली.

शेजारच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. नाळ बाळाच्या गळ्याभोवती अडकली होती. बाळ जन्मलं, पण रडलं नाही. तिकडे पावलं धावत होती, आणि ती सारखी विचारत होती, "का रडत नाही? सांगा ना, का रडत नाही?" बऱ्याच वेळानं एक आवाज आला, चिमणीच्या पिल्लासारखा. मग तीच रडू लागली.

माझ्यातलं पाणी सोडून द्यायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. ते तसंच गार होत गेलं.

बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. पाजायची वेळ होईपर्यंत मासोळी माझ्या कडेवर येऊन बसायची. भेटायला येणारे तिथेच भेटायचे. बाळ सुखरूप आहे, मग तोंड का पाडायचं, असं सगळे म्हणायचे. नणंदेनं तर थट्टाच केली, "मासोळी म्हणे, आणि बाळ कोरड्यावर!" सगळे हसले. तीही हसली. ते गेल्यावर तिनं कोरड्या तळाकडे पाहत हळूच विचारलं, "माझं काय चुकलं?"

पुढे एका दुपारी आजीचा हात धरून तिची थोरली लेक आली, दोन वेण्यांची. तिनं काचेतून भाऊ पाहिला, तो फारच सुरकुतलेला आहे असं जाहीर केलं आणि आईशेजारी माझ्या कडेवर चढून बसली. पाय हलवत ती आईकडे बघत राहिली.

"आई, तुला भीती वाटली होती?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. आजी म्हणाली, "असं विचारू नये गं, बाळा." पण मासोळीनं लेकीला जवळ ओढलं.

"हो," ती म्हणाली. "खूप वाटली. तुझ्या वेळीही वाटली होती."

"मग तू काय केलंस?"

"बाहेर आले."

लेकीनं विचार केला. म्हणाली, "बरं केलंस." आणि आईच्या ओल्या गालावर आपला हात ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, टब फुटला की दुसरा आणता येतो. मला जपा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या जन्माची गोष्ट आईला एकदा विचारा. बाळ किती वजनाचं होतं, कुणासारखं दिसत होतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिला कसं वाटलं, ते विचारा. ती पाण्यात बाळंत झाली असेल, पलंगावर किंवा पोटावर टाके घेऊन, तुम्ही सगळं ऐकून घ्या. सांगता सांगता ती मध्येच थांबली, तर घाई करू नका. जवळ बसा.