झिपरू आबांची सलाईन

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे, मित्रांनो. भडगावच्या एका दवाखान्यात उभा असतो. बसणं मला ठाऊकच नाही! चाळीसगावच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी नळी वाकवून मला दोन शिंगं दिली, पांढरा रंग फासला. आता त्याचे पोपडे निघालेत. कुणी माझ्यावर टॉवेल वाळत घालतं, कुणी डब्याची पिशवी अडकवतं. राग येतो, पण बाटली टांगली की तो कुठल्या कुठे पळतो. माणसाच्या अंगात थेंब थेंब जीव परतताना मी कितीदा पाहिलाय, तरी अजून थक्क होतो.

या उन्हाळ्यात झिपरू आबांना आणलं. उलट्यांनी गळून गेलेले, त्यात हृदय अशक्त. सलाईन अगदी सावकाश जाऊ द्या, असं डॉक्टर बजावून गेले. सुई लावणार होती नर्सिंग शिकणारी स्नेहल. पाठीशी ज्योती सिस्टर उभ्या होत्या. स्नेहलने हात धुतले, बाटलीवरचं नाव आणि तारीख वाचली, ती उजेडात धरून पाहिली, नळीतली हवा घालवली. मग आबांच्या हाताला पट्टा बांधून ती सुरकुत्यांवरून बोट फिरवत राहिली. मला तर नुसती कातडी दिसत होती. बोट एका जागी थांबलं. तिथे स्पिरिटचा बोळा फिरवून तिने सुई आत घातली आणि सुईच्या मागच्या टोकात रक्ताचा ठिपका उमटला. शीर सापडली! न दिसणारी वाट बोटाला कशी कळते, मित्रांनो? मी दिपून गेलो. तिने पट्टा सोडला, सुईला नळी जोडली आणि घड्याळाकडे बघत, नळीवरचं छोटं चाक फिरवून थेंबांचा वेग बसवला. मग सिस्टर बाहेर गेल्या आणि ती शेजारच्या खाटेकडे गेली.

"अभिमन, माले घर लई चाल रे," आबा मुलाला सारखं विनवत होते.

अभिमनला ते ऐकवेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळी बाटली लवकर संपावी म्हणून ते चाक पूर्ण उघडलं.

"बठ्ठी बाटली सरी जाऊ दे आबा, मंग लगेच निघूत."

थेंबांची धार झाली. मला ओरडता येत नाही याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. अशक्त हृदयाला एवढं पाणी एकदम पेलत नाही. ते फुप्फुसांत साचू लागतं. आबा खोकू लागले, त्यांना धाप लागली.

खोकला ऐकून स्नेहल धावली. तिने आधी चाक बंद केलं, "सिस्टर, लवकर या!" अशी हाक मारली आणि आबांना उठवून बसतं केलं. सुई मात्र काढली नाही, औषध त्याच वाटेने द्यायचं होतं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, इंजेक्शन गेलं. आम्ही सगळे आबांच्या छातीकडे बघत होतो. हळूहळू छातीची धडपड शांत झाली.

"चाक कोणी फिरवलं?" ज्योती सिस्टरनी विचारलं.

"मीच फिरायं, सिस्टर," अभिमन रडू लागला. "आबाले घर जावानं व्हतं."

आबांनी मोकळा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "मीच घाई करी ना, भाऊ."

मित्रांनो, आपल्या माणसाजवळ बसा, त्याचे पाय दाबा, पण त्या चाकाला हात लावू नका. शंका आली तर सिस्टरला हाक मारा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा थोडी सलाईन लावायला सांगितली. अभिमन आपले दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसला आणि पडणारा एकेक थेंब बघत राहिला.