रक्ताचा रंग मी फिका सांगितला

मी एक जुना रंगमापक आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते.

नळीतल्या द्रावणातून प्रकाश सोडून रंग किती गडद आहे ते आकड्यात सांगायचं, हे माझं काम. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि पेंढ्यात गुंडाळून मला मालवणजवळच्या एका कॉलेजात आणलं. तिथे डॉ. सुभद्रा परुळेकर जीवरसायनशास्त्र शिकवत. रेडी बंदरातल्या कामगाराची ही लेक मुंबईत डॉक्टरेट करून गावाकडे परतली होती. कीटोन हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

"पोटात अन्न नसलं की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर चालतो," बाई मुलांना सांगत. "पण मधुमेही माणसाच्या अंगात ते साठले, तर रक्त आंबट होऊन जीव जातो."

वीस वर्षं बाईंनी उपवास करणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं. त्यात रसायन घातलं, की कीटोन जितके जास्त तितका नळीतला रंग गडद होई, आणि मी त्यांना आकडे देई. रोज सकाळी शिपाई लवू आधी माहितीतल्या रंगाची नळी घालून माझी परीक्षा घेई. मी पास झालो, की दिवस सुरू.

पण खाऱ्या दमट हवेने माझ्या काचेवर बुरशी चढली. बुरशीवरून विखुरलेला प्रकाश भलतीकडून आत शिरे, आणि गडद रंग मला फिका दिसू लागला.

"बाई, ह्येचो डोळो धुरकाटलो आसा," लवू म्हणाला. "म्हायती असलेली नळी पण चुकीची सांगता."

शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. "पुढच्या आठवड्यात बघू, लवू," बाई म्हणाल्या. तो आठवडा आलाच नाही. माझी परीक्षाही बंद पडली.

'किनाऱ्यावरच्या बायकांचे कीटोन उपवासात फारसे वाढत नाहीत, मधुमेह असला तरी,' असा तो निबंध छापून आला. बाईंना शाल-श्रीफळ मिळालं, मलाही हार घातला. मग गावच्या महिला मेळाव्यात बाई आनंदाने बोलून गेल्या, "आपल्या बायकांना उपवास सोसतो."

पुढच्या रांगेत मासे विकणारी रसिका बसली होती. ती इन्सुलिनवर होती. नवरात्रात तिने कडक उपवास धरला आणि जेवण नाही म्हणून इन्सुलिनही सोडलं. तिसऱ्या दिवशी तिला धापा टाकत दवाखान्यात नेलं. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. चार दिवसांनी ती धोक्याबाहेर आली.

तिने मेळाव्यातलं बोलणं सांगितलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाईंना कळवलं आणि तिच्या रक्ताचा नमुना पाठवला. मी त्यातले कीटोन दवाखान्याच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी सांगितले. बाईंनी माझं झाकण उघडलं आणि बुरशी पाहिली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. सहकारी म्हणाले, "यंत्र बिघडलं होतं एवढंच लिहा. स्वतःवर कशाला घेता?"

"यंत्राला तोंड नव्हतं," बाई म्हणाल्या. "लवूला होतं. मी त्याचं ऐकलं नाही."

मग मला पिशवीत घालून त्या पुन्हा त्याच गावी गेल्या. सगळ्या बायकांसमोर मला टेबलावर ठेवलं आणि आपली चूक सांगितली. शेवटी रसिका उठली.

"बाई, तेव्हा तुमी सांगलात ता मी खरा मानलंय. आज सांगतास, ता पण मानतंय. पण आता आधी ईचारतलंय, तुमका ह्या कसा कळला?"

"विचार गो," बाई म्हणाल्या. त्यांना मान वर करता आली नाही.

मित्रांनो, यंत्रं खोटं बोलत नाहीत असं लोक म्हणतात. आम्ही बोलतो, आणि तेही ठाम आकड्यात. म्हणून आमची काच पुसत जा, आमच्यावर शंका घेत जा. आणि आमच्या आकड्याच्या भरवशावर कुणाला शब्द देण्याआधी, त्या आकड्यामागे एक जिवंत माणूस उभा आहे, एवढं ध्यानात ठेवा.