पंखातला हिरवा

सकाळी आठला धाकटी जाऊ विणकामाच्या खोलीची खिडकी उघडी, मागासमोरचा आरसा पुसून काढी आणि झाडपाल्याच्या रंगांत रंगवलेल्या लोकरीच्या कांड्या छटांप्रमाणे मांडून ठेवी. दोघी जावा पटाच्या मागे बसून विणत. पुढची बाजू दिसे ती आरशातच. भिंतीवर टांगायच्या या पटावर एकमेकांत गुंतलेली रुंद पानं होती आणि पानांत निळ्या पंखांचे पक्षी. पानं धाकटीची, पक्षी थोरलीचे. धाकटी या घरात आल्यापासून हीच वाटणी.

आज आरसा पुसताना तिचा हात थबकला. थोरलीने काल विणलेला अर्धा पंख हिरवा होता. पक्षी पानांत पार विरघळून गेला होता. महिन्यातली ही तिसरी चूक. आधीच्या दोन धाकटीने गुपचूप उसवून पुन्हा विणल्या होत्या. पक्षी हातचे गेले तर जाऊबाईंपाशी उरेल काय? तिने कात्री उचलली.

"चालू दे," दारातून थोरलीचा आवाज आला.

धाकटी गोरीमोरी झाली. "जाऊबाई, एक धागा सैल वाटला म्हणून..."

"माझा? सैल? अगं, सासूबाई म्हणायच्या, हिच्या विणीतून पाणीसुद्धा गळायचं नाही! खालचे ते दोन पंख चाचपले तेव्हाच कळलं मला. तुझी वीण भुसभुशीत, तुझ्या थापांसारखी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? निळा-हिरवा मला आता एकच दिसतो. डॉक्टर म्हणाले, हे सुधारायचं नाही."

"मी एकेक कांडी हातात देत जाईन. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

थोरलीने पक्ष्यावरून एकदा हात फिरवला. मग तिने आपलं स्टूल उचललं आणि पटाच्या कडेला नेऊन ठेवलं. तिथला काठ सबंध एकाच तपकिरी रंगाचा होता.

"काठ ढिला पडला तर अख्खा पट वाकडा लोंबतो," ती म्हणाली. "तुझ्या हातांना नाही जमायचं ते. तू पंख पुरा कर."

धाकटीने डोळे पुसले आणि पंखातला हिरवा धागा उसवायला घेतला. काठाकडून वीण दाबणाऱ्या फणीचे ठोके पडू लागले, एकसारखे, घट्ट.