एक्केचाळीस पावलं

वजनकाट्याच्या खोलीपासून शालनबाई पावलं मोजत निघाल्या, की पहारेकरी वैजनाथ ठरलेलं विचारायचा, "काय मावशी, डोंगरावर बंगला बांधताय? सारखी मोजणी चाललीय."

"बांधतेय की. तुला राखनीला ठेवीन."

हडपसरच्या पलीकडचा हा डोंगर देवानं केलेला नव्हे, पुण्यानं केलेला. शहर कचरा टाकत गेलं, तो वाढत गेला. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्याची एक कूस ढासळली आणि कचरा वेचणारे भीमराव आत गेले. शालनबाई काट्यापाशी गोणी बांधत होत्या. नवऱ्याचा निळा सदरा कचऱ्याखाली जाताना त्यांनी पाहिला. तीन दिवस शोध झाला, हाती काही लागलं नाही. पुढं डेपो बंद झाला, कचऱ्यावर मातीचं जाड पांघरूण पडलं, गवत आलं. शालनबाईंनी काट्यापासून ती जागा तेवढी मोजून ठेवली. एक्केचाळीस पावलं. दर पौर्णिमेला तिथं एक मेणबत्ती.

"आता गुडघं धरल्यात, पंचेचाळीस होत्यात," त्या म्हणायच्या, "पन जागा तीच हाय." आणि चढताना गुणगुणायच्या,

*घरधनी गं माझा, डोंगराच्या पोटी,*
*एक्केचाळीस पावलं, मोजिते त्याच्यासाठी.*

बंद डेपोवर सौरऊर्जेची पॅनेलं बसतील का, हे तपासायला एका कंपनीनं तिच्या तरुण इंजिनिअरला, अभयला, पाठवलं होतं. मातीचं पांघरूण फोडायचं नाही, खांब रोवायचे नाहीत, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पॅनेलं नुसती ठेवायची, अशी सगळी मांडणी. दुसऱ्याच दिवशी शालनबाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"तुमच्या त्या काचा मांडताना माझी येवढी जागा सोड, बाळा. घोंगडीभर."

अभयनं नकाशात दोन रांगांमध्ये फट ठेवली आणि तिथं लिहिलं, 'पाणी जाण्याची वाट'. कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली. शालनबाईंनी सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली, आणि तो खाईस्तोवर समोर बसून राहिल्या.

मग खुंटांची मोजणी आली. डेपो बंद करताना उतारावर लोखंडी खुंट ठोकले होते, त्यांच्या तेव्हाच्या जागा कागदावर होत्या. अभयनं यंत्र लावलं. आकडे पाहिले. परत लावलं. वजनकाटा होता तिथंच होता, पण खुंट बारा फूट खाली आले होते. गवत, माती, सगळंच हळूहळू खाली निघालं होतं. निजल्या निजल्या डोंगर कूस बदलत होता.

अशा उतारावर पॅनेलं बसणार नव्हती. तो थोपवायचा तर सबंध कुशीवर दगडांचा भराव घालायचा, भोवती कुंपण, माणसाला बंदी. अहवालात तेच लिहावं लागणार होतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी काट्यापाशी त्यानं शालनबाईंना सांगितलं. त्या कितीतरी वेळ हातातल्या मेणबत्तीची वात सरळ करत राहिल्या.

"म्हंजी इतकी वरसं मी मोकळ्याच जाग्यावर उजेड केला?"

अभयनं खुंटांच्या आकड्यांचा कागद त्यांच्यापुढं धरला.

"मग ते कुठं हायत?"

"वरची माती बारा फूट सरकलीय, मावशी. आतलं किती सरकलं, ते नाही सांगता येत."

"तुझ्या यंत्राला?"

"त्याला वरचंच दिसतं."

वैजनाथ खोलीच्या दारात उभा होता. आज त्यानं बंगल्याचं विचारलं नाही.

"आन् तू ल्हिलंच न्हाईस तर?"

"पायथ्याला वस्ती आहे. तुमचंच घर आहे तिथं."

"व्हय," शालनबाई म्हणाल्या. "माझंच हाय."

त्या निघाल्या. अभय मागोमाग. *घरधनी गं माझा, डोंगराच्या पोटी...* पुढची ओळ आली नाही. तरी पावलं पडत राहिली. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळिसावं पाऊल उचललं आणि पुन्हा मागं घेतलं. त्यांनी खाली उतारभर पाहिलं. सगळीकडं सारखंच गवत.

"लाव तू," असं म्हणून त्यांनी मेणबत्ती अभयच्या हातात दिली. "मला आता कळंना झालंय."

त्यानं काडी ओढली, वारा होता म्हणून ज्योतीला तळव्याचा आडोसा केला. मेण बोटांवर ओघळायला लागलं.

"ठेव की," त्या म्हणाल्या.

"कुठं, मावशी?"