सरांनी तिला खाली बसवलं

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, घडीची. आता माझी घडी नीट होत नाही, उघडताना मी किरकिरते, आणि खरं सांगू का मित्रांनो, मला आता उघडायचाच कंटाळा येतो.

कारखान्यात नळ्या वाकवून आम्हा साठ बहिणींना एकाच आठवड्यात घडवलं. कॉलेजच्या सभागृहात एकोणसाठ गेल्या. माझा एक पाय कणभर आखूड निघाला, म्हणून मला बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला धाडलं. तिथे मुलींच्या संघाचे सर होते. त्यांनी माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि म्हणाले, "चालेल. आपलाही संघ असाच आहे."

खरंच तसाच होता. पाचच मुली, त्यांतली एक चपला घालून यायची. सर पहाटे येत, स्वतः मैदान झाडत, खडूने रेघा ओढत. ओरडून ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला. चार वर्षं संघ पहिल्याच फेरीत हरत होता. मग हळूहळू जिंकू लागला.

नवव्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. संघात एक ताडमाड उंच मुलगी होती, सगळ्या तिला शिडी म्हणत. आदल्या दिवशी ती पडली होती आणि तिचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा ती माझ्यावर बसून होती. संघ मागे पडला होता.

"सर, जमेल मला," ती म्हणाली.

सरांनी गुडघा दाबून पाहिला. तिने ओठ चावला. ते त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. तरी त्यांनी पट्टी घट्ट बांधली आणि म्हणाले, "दहाच मिनिटं. मग आरामच आराम."

आठव्या मिनिटाला तिचा गुडघा गेला. कप मात्र आम्हाला मिळाला. तो माझ्यावर ठेवून फोटो काढले, सरांचं नाव झालं, प्राचार्यांनी मला नवा रंग दिला. शिडीची दोन ऑपरेशनं झाली. ती पुन्हा खेळली नाही. सर दवाखान्यात जाऊन आले. पण तिथे काय बोलले ते मला माहीत नाही. एवढं खरं, की त्या फोटोकडे त्यांनी पुन्हा कधी मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझा रंग उडाला, सरांचे केस गेले. कप काही परत आला नाही. नवे प्राचार्य आले. बाविसाव्या वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा ते सरांना म्हणाले, "या खेपेला कप हवा. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन माणूस बघावा लागेल."

त्या संघाची कप्तान बुटकी आणि चपळ होती, तिला चिमणी म्हणत. शेवटची सहा मिनिटं असताना तिचा घोटा मुरगळला. ती लंगडत माझ्याजवळ आली.

"जमेल मला, सर. चारच गुण मागे आहोत."

मागच्या रांगेत प्राचार्य उठून उभे राहिले. सर गुडघ्यांवर बसले आणि तिच्या बुटाची नाडी सोडू लागले.

"सर, काय करताय?"

"बस."

"अहो, पण आपण हरू."

"हरू. तू बस."

आम्ही दोन गुणांनी हरलो. चिमणी हुंदके देत माझ्यावर बसून राहिली. महिन्याभराने सरांच्या हाती पत्र आलं.

सर कपाट रिकामं करायला आले, त्या दिवशी मैदानावर एक उंच बाई आली. चालताना तिचा एक पाय जड पडत होता. सरांनी लगेच ओळखलं. ती शिडी होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "तिला बसवलंत म्हणे."

सरांनी खोक्याची दोरी बांधली. मग म्हणाले, "तुलाही बसवायला हवं होतं. माझं चुकलं गं."

ती "जाऊ द्या" म्हणाली नाही. "हो, चुकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही हे कधी बोलणारच नाही."

मग तिने खोक्याची एक बाजू उचलली, सरांनी दुसरी, आणि तिला झेपेल तशा चालीने दोघं फाटकाकडे गेली.

मी आता अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, मला तेलपाणी मिळालं नाही तरी माझी तक्रार नाही. लोखंड कुठेतरी पडून राहतं. पण माणसं दमली, दुखावली तरी "जमेल" म्हणत राहतात. त्यांच्या तोंडाकडे पाहू नका, पायाकडे पाहा. आणि त्यांना बसायला सांगा. मग हरलात तर हरलात.