डाव्या हाताचं दूध

चिमणाबाईच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, पण तोंड तेवढं शाबूत राहिलं. सून म्हणाली, देवाची कृपा. मुलगा कृष्णात काही बोलला नाही, कारण त्या तोंडाची झळ रोज त्यालाच बसायची.

बसणार नाही तर काय! कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हैस नेऊन उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, हा धंदा नवऱ्याच्या माघारी तिनं एकटीनं चालवलेला. पुरुषांच्या त्या रांगेत ती एकच बाई, पण तिच्या हरणी म्हशीला टाळून पुढं जायची कुणाची टाप नव्हती. आणि हरणी अशी मानी, की चिमणाबाईच्या हातांशिवाय पान्हाच सोडायची नाही. कृष्णात बसला की लाथ. सून बसली की शेपटाचा फटकारा. वैतागून कृष्णातनं एकदा पान्ह्याचं इंजेक्शन आणलं, तेव्हा चिमणाबाईनं खाटेवरनं तांब्या फेकून मारला. उजवा हात होता ना अजून.

"माज्या म्हशीला सुई लावलीस तर याद राख!"

कृष्णातनं कपाळ चोळलं. "दसऱ्यापतूर थांबतो, आये. तू कट्ट्यावर एक सांज धंदा करून दाखव. न्हाय तर जनावरं इकत घेनारा हेडी येऊन म्हस न्हेईल. तिला फुकट पेंड घालून मी काय करू?"

बोलणं रोखठोक होतं, चुकीचंही नव्हतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

त्याच पावसाळ्यात दवाखान्यात नवं मशीन आलं. तिथली फिजिओ प्रियदर्शनी कुरुंदवाडची, शिकायला पुण्याला गेलेली आणि मुद्दाम परत आलेली. तिनं कृष्णातला सगळं समजावून सांगितलं. मानेच्या मागं पट्ट्या चिकटवायच्या, कातडीवरनंच करंट सोडायचा, त्यानं मणक्यातली नस जागी होऊन हात हलतो का ते बघायचं. कापाकापी नाही, टाके नाहीत. पण हे संशोधन आहे. निम्म्या पेशंटना करंट मिळेल, निम्म्यांना नुसत्या पट्ट्या. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलंय.

"व्हय व्हय, करा की," कृष्णात मोबाइलकडं बघत म्हणाला. चिमणाबाई चाकाच्या खुर्चीत शेजारीच होती. वारं तिच्या हातावरनं गेलं होतं, कानावरनं नाही, पण तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. आणि त्या मेल्या पंख्याच्या घरघरीत तिला निम्मं ऐकूही आलं नाही.

झालं. रोज मानेवर पट्ट्या, समोर चेंडू. चेंडू दाबा, पेला उचला, बोटं उघडा. दवाखान्यानं सगळं संशोधन जपून केलं आणि एक चूक केली. सगळ्या पेशंटना बाहेर एकाच बाकावर बसवलं. कोल्हापूरची माणसं एका बाकावर बसवायची आणि बोलणार नाहीत म्हणायचं!

बाकावर हंबीरराव असायचे. बिद्रीच्या साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, त्यांचाही डावा हात गेलेला.

"मुंग्या येत्यात बगा चिमणाबाई," ते खुशीत म्हणाले. "मानेपासनं पार बोटापतूर. झिणझिण झिणझिण!"

"कसल्या मुंग्या?"

"तुमास्नी न्हाईत येत?"

चिमणाबाई तशीच आत गेली. "मॅडम, माजं मशीन बिघडलंय."

प्रियदर्शनी गोंधळली. "मावशी, कुणाला करंट आहे ते मलाही सांगितलेलं नाही. चिठ्ठ्या पुण्याच्या सरांकडं आहेत." आणि मग तिनं पहिल्यांदाच चिमणाबाईच्या खुर्चीसमोर बसून तेच सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. "गुण मशीनमुळं आला की व्यायामामुळं, हे कळायचं कसं दुसरं? सगळं संपलं की राहिलेल्यांनाही खरा करंट देणार आहोत. ते ठरलंय."

"कवा?"

"दसऱ्यानंतर."

चिमणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हंजे मी हितं रोज येऊन मान पुढं करतो, आन तुमी तिच्यावर नुसत्या पट्ट्या डकवता? दसऱ्याला माजी म्हस जाईल! मग त्यो करंट काय माज्या पिंडाला लावता?"

प्रियदर्शनीनं हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. "येणं थांबवायचं असेल तर थांबवा, मावशी. तुमचा हक्क आहे तो."

"थांबवतो कशाला? येनार! रोज येनार! आन उद्यापास्नं घरला बी बगतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सुनेकडनं पाट गोठ्यात ठेवून घेतला आणि तिच्या आधारानं हरणीच्या कासेखाली बसली. उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून सडाभोवती गुंडाळली. दाबायला गेली, काही नाही. मेलेल्या कोंबडीचा पाय बरा. मग तिनं शिव्यांना हात घातला. एक पुण्याच्या सराला, एक हंबीररावाच्या मुंग्यांना, एक कृष्णातला, दोन त्या हेड्याला. प्रत्येक शिवीला एक जोर. हरणी कान हलवत रवंथ करत राहिली, तिला त्या आवाजाचीच सवय होती. उजव्या हाताला तिनं कसाबसा अर्धा पान्हा दिला, तेवढ्यावर चिमणाबाई दिवस काढू लागली. सुनेला वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरलं. फिरलं होतंच.

श्रावण गेला, गणपती गेले. घरात ती काठी टेकत चालू लागली, दवाखान्यापुरती खुर्ची उरली. आणि एका पहाटे डाव्या सडातनं दूध आलं. धार कसली, थेंबांची रांग. पण बादलीत वाजली. हात मिटला तो मिटूनच राहिला, उजव्या हातानं उघडावा लागला, तरी दुसऱ्यांदा मिटला. कृष्णात दारात उभा होता.

"काय बगतोस? बादली सरकव!" ती खेकसली. गालावरनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

दसऱ्याच्या तोंडावर, दवाखान्यातल्या शेवटच्या मोजणीला प्रियदर्शनीनं पकड मोजायचं यंत्र तिच्या डाव्या हातात दिलं. काटा असा हलला की पोरीनं यंत्र तपासून पुन्हा दाबायला लावलं. काटा पुन्हा हलला. हंबीररावांचाही हात सुधारला होता, शर्टाची बटणं लावत होते. पण चिमणाबाईचा आकडा त्यांच्या वर होता.

त्या दिवशी पुण्याचे सर आले. त्यांनी कॉम्प्युटरवर आकडे पाहिले, आपल्या चिठ्ठ्यांशी आणि प्रियदर्शनीच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि चिमणाबाईच्या डोक्यावरनं बोलायला लागले.

"ह्या बाईंना वगळा. करंट नाही हे ह्यांना कळलं होतं. घरी काहीतरी भलतंच करत बसल्या. हा आकडा धरता येत नाही."

"सर, आकडा खरा आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "इतरांबरोबर ठेवू आणि काय झालं ते खाली लिहू. आणि त्यांना नंतर करंट द्यायचा—"

"अभ्यासात नाव नाही तर करंट कसला? बाकीच्यांचं झालं की मशीन पुण्याला परत जाईल."

"वगळा म्हंजे काय?" चिमणाबाईनं विचारलं.

सर कॉम्प्युटर बंद करू लागले. मग प्रियदर्शनीच बोलली, मान खाली घालून. "तुमचा हात मोजायचा नाही, मावशी."

"हात हाय, पर धरायचा न्हाय?"

सरांनी तिचा खांदा थोपटला. "आजी, तुम्ही बऱ्या झालात ना? मग झालं की." आणि ते जेवायला गेले.

वारं गेल्या दिवशीसुद्धा बंद न पडलेलं तोंड त्या क्षणी बंद पडलं. ती घरी गेली ती एक शब्द न बोलता. सुनेला भीतीच वाटली.

संध्याकाळी ती उठली. "हरणीला सोड. कट्ट्यावर जायचंय."

पाहुणा कोल्हापुरात आला की त्याला कट्ट्यावरचं दूध पाजायचं ही रीतच. प्रियदर्शनीनंही सरांना आणलं, आणि इतक्या म्हशी सोडून नेमकं हरणीपुढं आणून उभं केलं. सरांनी चिमणाबाईला ओळखलं नाही. खुर्चीत नव्हती ना ती.

ती पाटावर बसली. दोन्ही हात कासेला लागले. उजवा झरझर, डावा अडखळत, मिटला की उघडायला उजव्याची वाट बघत. पेला भरायला वेळ लागला, पण भरला. कृष्णातनं खिशातनं मोबाइल काढला आणि हेड्याला सांगितलं, "न्हाय, नगो. येऊ नगंस." मग हरणीच्या पाठीवरनं हात फिरवला.

चिमणाबाई काठीविना उठली आणि पेला पुढं केला. डाव्या हातानं.

कट्ट्यावरची माणसं वळून बघायला लागली. डाव्या हातानं पाहुण्याला दूध म्हणजे अपमानच. फेस मनगटावरनं ओघळत होता.

"आजी, उजव्या हातानं द्या," सर हसून म्हणाले.

"आये, पावणं हायती ते—" कृष्णात पुढं झाला.

"तू गप!" ती कडाडली, आणि सरांकडं वळली. "उजव्या हाताशी तुमचं काय काम हुतं? तुमचं काम ह्या हाताशी हुतं. पट्ट्या डकवून मोजलासा, आन मनासारखा भरला न्हाय म्हनून खोडलासा. ह्योच हात हाय त्यो. ह्यातनं घ्या, न्हायतर तसंच जावा."

आता त्यांनी ओळखलं. हसू गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि ओढला. पेला येईना.

"सोडा, आजी."

"सुटत न्हाय." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, पण राग तसूभर कमी झाला नव्हता. "धरायचं मी शिकलो. सोडायचं येत न्हाय अजून. त्येच्यासाठी तर तुमचं मशीन पायजे हुतं मला. आता बसा उघडत."

सगळा कट्टा बघत होता. सरांनी एका हातानं पेला सावरला आणि दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक करून उघडायला घेतली. चिमणाबाईनं उजवा हात पाठीमागं धरून ठेवला होता. करंगळीपाशी येईपर्यंत दूध निवलं होतं.